बिस्कीटची गादी

"तुमची पोर बोलते का हो कधी?"

समोरच्या काकू ओट्यावर बसून अक्कांना विचारत होत्या. मी दारामागे उभी होते, दोन्ही हातांत एकेक गिनीपिग.

"बोलस ना!" अक्का म्हणाल्या. "त्या उंदरांसंगे बोलस."

हे साफ खोटं होतं. मी उंदरांशीसुद्धा फारसं बोलत नव्हते. (आणि ते उंदीरही नव्हते. पण हे सांगायला मला ओट्यावर जावं लागलं असतं, म्हणून मी ते सांगितलं नाही.)

या गोष्टीत एक जण मरतं, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हिने हे पण वेळेवर सांगितलं नाही.

अक्का म्हणजे पप्पांची थोरली बहीण. एरंडोलजवळच्या एका खेड्यात त्या एकट्या राहायच्या, बोलायच्या तिकडची अहिराणी. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, थोडी कापसाची शेती. माझी आई आजारी पडली तेव्हा "आठ दिवस येते" म्हणून त्या जळगावला आमच्याकडे आल्या. आई सात महिन्यांनी गेली. अक्का राहिल्या. त्यांना कोणी राहा म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. आमच्या घरात असंच चालतं. पप्पा बोलत नाहीत, मी बोलत नाही. दोघांच्या वतीने आईच बोलायची. "तिला भूक लागलीय," ती पप्पांना सांगायची. "त्यांना तुझा निकाल आवडलाय," ती मला सांगायची. ती गेली आणि आम्ही दोघं दुभाषा निघून गेलेल्या परदेशी पाहुण्यांसारखे एका टेबलावर बसून राहिलो.

माझ्या गप्पपणाला शिक्षणाचाही हातभार आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठी बोललं की शिक्षा व्हायची, आणि इंग्रजी बोलायची मला भीती वाटायची. त्यामुळे मी लहानपणीच दोन भाषांत गप्प राहायला शिकले!

गिनीपिग आले धुळ्याहून. माझी मैत्रीण ऋता तिथे राहते. तिला बंगळुरूला नोकरी लागली आणि तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नव्हते. एका रविवारी ती वडिलांच्या गाडीतून पिंजरा, सुक्या गवताचं एक पोतं आणि दोन माद्या घेऊन आली. दीड वर्षाची तपकिरी ती बिस्कीट, पांढऱ्या ठिपक्यांची ती टॉफी.

"तुझ्या घरात शांतता असते," ऋता म्हणाली. "त्यांना शांतताच लागते."

इतकं वाईट माझ्या घराबद्दल कोणी इतक्या प्रेमाने बोललं नव्हतं.

जाताना तिने इंग्रजीत लिहिलेली चार पानं माझ्या हातात दिली. मी ती चार वेळा वाचली. मग नेटवर आणखी चाळीस पानं वाचली. गवत हेच जेवण. ते सतत समोर हवं, कारण यांचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. रोज थोडी ताजी हिरवी पानं, कोथिंबीर, ढोबळी मिरचीचा तुकडा, कारण सी जीवनसत्त्व यांच्या अंगात आपोआप तयार होत नाही. फळ म्हणजे चैन: नखाएवढा तुकडा, तोही कधीतरी. शिजवलेलं काही नाही, पोळी-भाकरी नाही. अंथरुणाला खाली कागदाचे थर, वर सुकं गवत, ओलं झालेलं रोज काढायचं. जळगावच्या उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत ठेवायचं, पण वाऱ्याच्या थेट झोतात नाही. आणि कापूस कधीही नाही. कापूस कुरतडून पोटात गेला तर आतड्यात अडकतो.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. फक्त तोंडाबाहेर येत नव्हतं.

"हाई काय शे?" अक्कांनी पहिल्या दिवशी पिंजऱ्यात डोकावून विचारलं.

"गिनीपिग."

"खातस काय?"

"गवत."

"गवत ते बैलबी खास. पन तो नांगर वढस. ह्या काय करतस?"

मी विचार केला. "ओरडतात," मी म्हणाले.

आणि त्या दोघी ओरडल्या! पप्पांनी नेमका तेव्हाच फ्रिज उघडला होता. गिनीपिगना फ्रिजचा आवाज कळतो. दार उघडलं की काहीतरी हिरवं येणार अशा आशेने ते जोरात शिट्टी मारतात. पोट भरलेलं असलं तरी मारतात. (हे तिसऱ्या पानावर लिहिलं होतं.)

"माय वं! भुक्या शेतस बिचाऱ्या!" असं म्हणून अक्का उठल्या, आणि तिथून सगळं सुरू झालं.

अक्कांच्या गावात दारी आलेल्याला खाऊ घातल्याशिवाय परत पाठवत नाहीत. या दोघी तर दारी येऊन राहिल्याच होत्या. पहिल्या दिवशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा चतकोर गेला. दुसऱ्या दिवशी केळं. पप्पांचे एक मित्र असोद्याहून केळीचा अख्खा घड पाठवतात, त्यामुळे आमच्या घरात केळी संपतच नाहीत. ती फक्त काळी पडतात. रविवारी वरण-बट्टी झाली तेव्हा बट्टी कुस्करून, त्यावर तूप घालून दोघींना वाढली गेली. शेवभाजी केली त्या दिवशी अक्कांनी रश्शातली शेव धुऊन दिली. धुऊन! तिखट लागू नये म्हणून!

आणि चहाबरोबर बिस्कीट.

"अक्का, बिस्कीट नको…" मी एकदा खरंच म्हणाले. तीन शब्द. माझ्या दृष्टीने ते भाषण होतं.

"कसाले नको? नाव बिस्कीट शे आन बिस्कीट खात नही?"

याला काय उत्तर द्यायचं, हे चार पानांत कुठेच नव्हतं.

शिवाय तो मे महिना होता. मे महिन्यात जळगावात फ्रिज किती वेळा उघडतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. प्रत्येक वेळी दोन शिट्ट्या, प्रत्येक वेळी अक्कांचं "उनी, उनी!" (म्हणजे आले, आले!) आणि प्रत्येक वेळी पिंजऱ्यात काहीतरी. पप्पांनी शेवटी माठातलं पाणी प्यायला सुरुवात केली. 

आता वाचणारा म्हणेल, बाई गं, तू बोलत का नव्हतीस? माझी योजना होती. अबोल माणसांकडे नेहमी योजना असते. घरात गवत इतकं आणायचं, पिंजरा गवताने इतका भरून टाकायचा, की भाकरीला पोटात जागाच राहणार नाही. कोणाला काही बोलायला नको, कोणाचं मन मोडायला नको.

ऋताने दिलेलं पोतं दहा दिवसांत संपलं. हिरवं गवत कुठे मिळतं ते मला माहीत होतं: देवळाच्या बाहेर एक बाई गाय बांधून बसते, शेजारी गवताच्या पेंढ्या. लोक दर्शन घेतात, पेंढी घेतात, गाईला घालतात, पाया पडतात. मी गेले. "मला घरी न्यायचंय" हे वाक्य मी घरापासून देवळापर्यंत मनात घोकत होते.

"एक पेंढी," मी म्हणाले.

"घे ताई." बाईने पेंढी उचलली, सुतळी सोडली आणि गाईपुढे टाकली. "पड पाया."

मी पाया पडले.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर हात पुढे केला. बाईला वाटलं, मला स्वतःच्या हाताने भरवायचंय. तिने पेंढी माझ्या हातात दिली आणि गाय तत्परतेने पुढे झाली. तिसऱ्या दिवशी गाय मला लांबूनच ओळखून उभी राहिली.

"नवस शे का ताई?" पाचव्या दिवशी बाईने विचारलं.

मी मान डोलावली.

"लग्नाचा?"

मी पुन्हा मान डोलावली. (आता काय सांगणार!)

"होईल, होईल. अकरा दिवस घाल."

मी अकरा दिवस घातलं. गाय गुटगुटीत झाली. माझ्या दोघी घरी तुपातली बट्टी खात होत्या.

अंथरुणाचा प्रश्न सुरुवातीला बरा चालला होता. पप्पांचा रोजचा पेपर मी पिंजऱ्यात घालायचे. एकदा चुकून ताजाच पेपर घातला गेला, तेव्हा पप्पा चष्मा लावून पिंजऱ्याशेजारी जमिनीवर पालथे झोपले आणि टॉफी जिथून जिथून सरकेल तिथलं वाचत राहिले. अक्का हे कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांना पप्पांचं काही वाटलं नाही. त्यांना वाटलं ते वेगळंच.

"पेपरवर झोपतस?" त्या हळूच म्हणाल्या. "त्यासले काय कोनी नही का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीतून बाहेर आले, तर माळ्यावरचं पोतं खाली होतं.

त्या पोत्याबद्दल सांगायला हवं. आईची पाठ दुखायची म्हणून अक्कांनी तिच्या नव्या गादीसाठी शेतातला निवडक कापूस पाठवला होता. पिंजाऱ्याला दिवसही सांगून ठेवला होता. त्या दिवशी सकाळी आईला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि मग पोतं माळ्यावर गेलं. ते तिथेच राहिलं. त्याच्याकडे आम्ही बघत नव्हतो. माळ्यावरून काही काढायचं झालं तर पप्पा त्याला वळसा घालून हात लांबवायचे, जणू तिथे कोणी झोपलेलं आहे.

आता ते पोतं हॉलच्या मधोमध उघडं होतं. अक्का फरशीवर बसून कापूस हाताने मोकळा करत होत्या, सरक्या बाजूला काढत होत्या. शेजारी त्यांच्या जुन्या मऊ लुगड्याचा कापलेला तुकडा. त्या गादी शिवत होत्या. चारी कडांना शिवण, मध्ये टाके, अगदी माणसांची असते तशी. आणि दोन उशा. उशा! (गिनीपिगला मान जवळजवळ नसतेच. उशी लावायची कुठे?)

कापूस कधीही नाही. हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं.

"तुन्ही माय कापूस हातमा लेये ना," सुई ओढत अक्का म्हणाल्या, "ते पहिले गालले लावे."

आई गेल्यापासून आमच्या घरात कोणीही आईचं काही सांगितलं नव्हतं. सोफ्यावर पप्पांच्या हातातला पेपर खाली आला. ते म्हणाले,

"हो. लावायची."

मग अक्कांनी मूठभर कापूस माझ्याकडे केला आणि मी तो गालाला लावला. गरम होता, माळ्यावर पत्र्याखाली होता ना. आम्ही तिघं तिथे होतो, दुपारचे दोन वाजले होते, कूलर घरघरत होता, आणि एक वर्षात पहिल्यांदा आमच्या घरात घरासारखं वाटत होतं. अशा वेळी "आतड्यात अडकतो" असं कोण म्हणेल?

मी तरी नाही म्हणाले.

गादी बघायला समोरच्या काकू आल्या, त्यांच्या दोन सुना आल्या. "आमच्या घरात जावयालाही अशी गादी नाही केली," काकू म्हणाल्या. बिस्कीट गादीच्या मधोमध अंग पसरून झोपली. टॉफी उशीखाली शिरली.

तिसऱ्या दिवशी गादीचा एक कोपरा उसवलेला दिसला. बिस्कीटच्या ओठाला पांढरं काहीतरी चिकटलं होतं.

मी पुन्हा योजना केली. रोज सकाळी अक्का देवपूजेला बसल्या की मी गादीतून मूठभर कापूस काढून घेई आणि शिवण पुन्हा घालून ठेवी. आठवड्यात गादी रिकामी होईल, नुसतं लुगडं उरेल, कोणाला कळणारही नाही. पण दुपारी अक्का गादी दाबून बघत. "इतल्यामा बसनी! पातळ कापूस निंघना का काय?" असं म्हणून त्या पोत्यातून दोन मुठी आणून भरत. मी सकाळी एक काढायची, त्या दुपारी दोन घालायच्या. गादी दिवसेंदिवस फुगत चालली! माझी योजना गवताची असो की कापसाची, शेवटी दुसऱ्याचंच पोट भरतं.

मग एका सकाळी पप्पांनी दुधासाठी फ्रिज उघडला, आणि एकच शिट्टी आली.

आम्ही तिघंही थांबलो. पप्पांनी दार लावून पुन्हा उघडलं. पुन्हा एकच.

बिस्कीट कोपऱ्यात अंग गोळा करून बसली होती. पोट टणक. समोर केळं तसंच.

जनावरांच्या दवाखान्यात आमच्या पुढे एक म्हैस आणि तीन बकऱ्या होत्या. मी बिस्कीटला बुटांच्या खोक्यात घेतलं होतं, खोक्याला भोकं पाडून. नाव लिहून घेणारा माणूस मान वर न करता विचारत होता.

"जनावर कुठं बांधलंय?"

मी खोकं दाखवलं. त्याने पाहिलंच नाही.

"गाभण आहे?"

"नाही."

"दूध देतं?"

"नाही."

"मग ठेवलंय कशाला?"

"लेकरू शे ते आमनं," मागून अक्का म्हणाल्या. त्या माणसाने मान वर केली, अक्कांकडे पाहिलं, आणि आम्हाला म्हशीच्या आधी आत सोडलं.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी दोन बोटांनी पोट चाचपलं.

"खायला काय देता?"

अक्कांनी अभिमानाने सांगायला सुरुवात केली. भाकर. केळं. वरण-बट्टी. पोळीला तूप लावून. शेव, पण धुयेल. डॉक्टरांच्या भुवया एकेका पदार्थाला थोड्या थोड्या वर जात होत्या.

"अंथरायला?"

"गादी. घरना कापूसनी."

डॉक्टरांचा हात थांबला. "कापूस खाल्लाय हिने. आतडं बंद झालंय. आता फार उशीर झाला हो," ते म्हणाले. मग माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे, माझ्या मोबाईलकडे बघून त्यांनी विचारलं, "नेटवर सगळं लिहिलेलं असतं. कोणी वाचलं नाही का?"

"नही हो डाक्टर," माझ्याऐवजी अक्काच बोलल्या. "हाई पोर बठ्ठं वाचस. तिले माहीत ऱ्हातं ते तिनी सांगं नसतं का?"

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते. त्यावर गाईची चार पोटं रंगवली होती. मला ती अजून क्रमाने सांगता येतात.

बिस्कीट येताना रिक्षात, अक्कांच्या मांडीवर गेली.

पप्पांनी कंपाउंडमध्ये पेरूखाली खड्डा खणला. अक्कांनी तिला गादीसकट ठेवलं. उशीसुद्धा ठेवली. पप्पांनी माती ओढायला सुरुवात केली, मग थांबले, आत गेले, आणि बराच वेळ बाथरूमचा नळ वाहत राहिला. उरलेली माती मी लोटली.

डॉक्टरांनी निघताना एक गोष्ट बजावून सांगितली होती. जोडीतली एक गेली की दुसरी खाणं सोडते, आणि या प्राण्याने एक दिवस खाल्लं नाही तर तोही हातचा जातो. टॉफी खात नसेल तर हिरवं गवत वाटून, पाण्यात कालवून, बिनसुईच्या सिरिंजने थेंब थेंब भरवा. मी गवतासाठी देवळाकडे पळाले. बाईने मला बघताच नेहमीसारखी सुतळी सोडली आणि पेंढी गाईपुढे टाकली. मला तेव्हाही बोलता आलं नाही. मी खाली वाकले आणि पेंढी गाईच्या तोंडातून ओढली. गाय सोडेना. मी सोडेना. रांगेतली माणसं बघत होती. शेवटी अर्धी पेंढी माझ्या हातात आली आणि मी ती घेऊन पळाले.

"ताई!" मागून बाई ओरडली. "नवस मोडला हो!"

घरी येऊन गवत वाटलं. टॉफीने तोंड मिटून घेतलं. थेंब आत गेला की बाहेर यायचा. तिने संध्याकाळी खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही खाल्लं नाही. फक्त शेजारच्या खोलीत अक्कांच्या पाटल्या वाजल्या की ती मान वर करायची आणि अगदी बारीक शिट्टी मारायची. तिला रोज अक्काच मांडीवर घेऊन भरवायच्या. माझा हात म्हणजे तिच्या लेखी कापूस चोरणारा हात होता.

मी सिरिंज घेऊन अक्कांच्या दारात गेले. त्या पिशवी भरत होत्या.

"मी नही भरवाव," माझ्या हाताकडे बघून त्या म्हणाल्या. "मन्हा हातले यश नही. तुन्ही मायले बी मीच भरवे. बिस्कीटले बी मीच भरवं. आते हिले तरी जगू दे." आणि त्यांनी लुगड्याची घडी पिशवीत ठेवली. "मी गावले जास."

मी तिथे उभी होते. बोलायची वेळ होती. इतकी स्पष्ट बोलायची वेळ माझ्या आयुष्यात याआधी आली नव्हती; दहावीच्या तोंडी परीक्षेतसुद्धा नाही. मी पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पिशवी उचलली आणि स्कूटर बाहेर काढली.

स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर वळून गेला. घरात मी, टॉफी आणि कूलर. मी फ्रिज उघडला.

काहीच आवाज आला नाही.

टॉफीला कूलरच्या खोलीत ठेवून मी बस स्टँडकडे धावले. चपला घातल्या की नाही तेही मला आठवत नाही. (नव्हत्या घातल्या. बस स्टँडची फरशी मे महिन्यात काय असते ते नंतर आठ दिवस लक्षात राहिलं.) एरंडोलकडची एसटी भरलेली होती. खिडकीत अक्का. खाली खिडकीशी पप्पा, पाण्याची बाटली घेऊन. मी त्यांच्या बाजूने निघून बसमध्ये चढले.

"अक्का."

"जाय माय घर. ऊन शे."

"अक्का, ऐका. गिनीपिगला कापूस द्यायचा नसतो. केळं नखाएवढं, तेही कधीतरी. भाकरी नाही, बट्टी नाही, शेव तर नाहीच, धुतलेली पण नाही! गवत हवं असतं सतत, ते मी आणतच नव्हते, मी अकरा दिवस गाईला घालत होते…" माझा आवाज भलताच मोठा येत होता. वापर नसल्यामुळे मला तो कमी-जास्त करता येत नाही. "मला हे सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून! मला चार पानं लिहून दिली होती. तुम्ही आईचं बोलत होतात, म्हणून मी गप्प बसले. बिस्कीट तुमच्या हाताने नाही गेली. माझ्या तोंडाने गेली."

 पुढच्या बाकावरच्या आजी वळल्या.

"कोन गयं वं माय?"

"बिस्कीट," अक्का डोळे पुसत म्हणाल्या.

"कितली व्हती?"

"दीड वरीसनी."

"अरे देवा!" मागून तीन-चार बायका एकदम म्हणाल्या. "काय व्हयनं?"

"आतडामा कापूस अडकना."

"लेकरूले कापूस खावाडा?" आजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. अनवाणी पाय, विस्कटलेले केस. "हाईच माय शे का तिन्ही?"

सगळी बस माझ्याकडे बघू लागली. एका काकांनी उठून मला जागा दिली. एका बाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती स्वतःच रडायला लागली. कंडक्टर तिकिटाचं यंत्र छातीशी धरून मान खाली घालून उभा राहिला. आणि अक्कांचे खांदे हलू लागले. बसला वाटलं हुंदका. मला चेहरा दिसत होता. त्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहतच होतं, दोन्ही एकाच वेळी.

"माले सांगं का नही वं तू?" त्यांनी पदराआडून, अगदी हळू विचारलं.



ड्रायव्हरने हॉर्न दिला. कंडक्टर खाकरला. "ताई, दुःखाचं आहे, कळतं आम्हाला. पण गाडी सोडायची आहे. कोण येतंय, कोण उतरतंय?"

 अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. खिडकीखाली पप्पाही माझ्याकडेच बघत होते. पन्नास माणसं बघत होती. मी जागेवरून उठले आणि अक्कांची पिशवी उचलली.

"बिस्कीट माणूस नव्हती हो, गिनीपिग होती," मी सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले. "तिची बहीण घरी कालपासून उपाशी आहे, आणि ती फक्त यांच्या हातचं खाते. आम्ही उतरतोय. आणि पप्पांना नि मला भाकरी थापता येत नाही!"